मुलगी सुटते ती सांध्यावर

गोव्यात कामाला असलेल्या, मूळ बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका काकांनी विचारलंय. त्यांची पुतणी यंदा मराठी माध्यमातून दहावी झाली, ६२५ पैकी ४८८ गुण. कॉलेज गावापासून १८ किलोमीटरवर. त्यांचा थोरला भाऊ, म्हणजे मुलीचा बाप, म्हणतो, एवढं शिकली ते बास झालं. आजीनं चंदगडकडचं एक स्थळ काढलंय. काकांचं म्हणणं असं: "मुली शिकल्या की देश पुढं जातो असं शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. पण आमच्या गावात बारावी-बीए झालेल्या चार पोरी घरातच आहेत. मग आमच्यासारख्या गरीब देशाला आणि गरीब घराला याचा नेमका उपयोग काय? दादाला काय सांगू?"

मी ३४ वर्षं सरकारी मराठी शाळांत शिकवलं. आधी खानापूरचा जंगलपट्टा, मग निपाणीकडं, शेवटी बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग. मधली काही वर्षं सीआरपी, म्हणजे शाळांच्या गटाची साधनव्यक्ती, म्हणून अकरा शाळांची फिरती. त्यामुळं उत्तर लांबणार, आधीच सांगते. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत: देशाचा, घराचा आणि दादाचा. दादाचा सगळ्यात तातडीचा, कारण अ‍ॅडमिशनची तारीख त्याच्या हातात आहे.

त्याला भिंतीवरचं वाक्य ऐकवू नका. ते त्याला पटलेलंच आहे. पोरींनी शिकू नये असं तोंडावर म्हणणारा बाप मला इतक्या वर्षांत दोन-तीनदाच भेटला असेल. बाकी सगळे "शिकू दे की बाई, कोण नको म्हंतंय" असंच म्हणायचे, चहा पाजून म्हणायचे. आणि जूनमध्ये पोरगी शाळेत नसायची. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी घरोघर जाऊन महत्त्व सांगत बसायचे, सावित्रीबाईंची गोष्ट सांगायचे. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, पोरगी काही यायची नाही. फार उशिरा कळलं की जू शाबूत असतं, बैलाला जुवात अडकवणारी शिवळ निसटते. वर्गात बसलेली मुलगी सहसा मध्येच उठून जात नाही. शाळा बदलायची वेळ आली की ती सुटते. पाचवीला गावातली लहान शाळा संपते, सातवीला मोठी प्राथमिक संपते, दहावीला हायस्कूल. हे तीन सांधे. तुमची पुतणी तिसऱ्यावर उभी आहे.

दुसऱ्या सांध्याचं आधी सांगते, कारण मला तिथं शहाणपण आलं. खानापुरातल्या माझ्या पहिल्या शाळेत एका वर्षी सातवीला अकरा मुली पास झाल्या. हायस्कूल साडेआठ किलोमीटरवर. जूनच्या शेवटी तिथली हजेरी बघितली तर अकरातली चारच नावं. मुलगे नऊपैकी आठ गेलेले. मी राहिलेली सातही घरं फिरले. एका घरात आईनं काही न बोलता दारातून ओढ्याकडं बोट केलं, एवढंच. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं बघितला नाही त्याला ते बोट कळणार नाही. साकव वाहून गेला की मुलगा दप्तर डोक्यावर घेऊन पाण्यातून जातो, पलीकडं शर्ट काढून पिळतो, परत घालतो. तेरा वर्षांच्या मुलीनं काय करायचं? ओल्या कपड्यात दिवसभर पोरांच्या वर्गात बसायचं? तिला ते नको असतं, आईला तर नकोच. पण हे कुणी शिक्षकासमोर बोलत नाही. मग "घरात काम हाय" म्हणतात, आणि आपण लिहून घेतो की पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही.

पुढच्या वर्षी आम्ही भाषण केलं नाही. हायस्कूलच्या गावात एका म्हातारीची पडवी मोकळी होती. पावसाळ्याचे चार महिने पाच मुली तिथं ठेवल्या. तांदूळ-नाचणी घरून, म्हातारीला महिन्याला थोडे पैसे, शनिवारी दुपारी कुणाचा तरी बाप येऊन घेऊन जायचा. पाचही दहावीला बसल्या. म्हातारी म्हणायची, "रात्रीचं मला भ्या वाटत नाही आता." म्हणजे तिचंही काम झालं.

नंतर २००६-०७ पासून कर्नाटक सरकारनं आठवीत सायकली द्यायला सुरुवात केली. त्या सायकलींची आम्ही शिक्षक खूप चेष्टा करायचो, कारण पहिल्या महिन्यातच साखळी पडायची. पण बिहारमध्येही २००६ सालीच नववीच्या मुलींना सायकली दिल्या होत्या, आणि त्याचा नीट अभ्यास झाला तेव्हा हायस्कूलला जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. वाढ जास्त कुठं झाली? शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत. तिथल्या आईबापांची मनं काही वर्षभरात बदलली नव्हती. रस्ता लहान झाला होता. हे वाचल्यावर मी चेष्टा करायची सोडली.

एक किल्लीचं सांगते, मग पुढं जाते. निपाणीकडच्या एका शाळेत मुलींसाठी शौचालय बांधलेलं, फरशी घातलेलं, वर पाण्याची टाकी. तपासणीला आलेले साहेब खूश होऊन जायचे. तरी सहावी-सातवीच्या मुली महिन्यातून तीन-चार दिवस गैरहजर. कारण काय, तर दाराला कुलूप, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. गुरुजी चांगले होते, कुणाला नाही म्हणाले नसते. पण बारा वर्षांच्या पोरीनं भर वर्गातून उठून ऑफिसात जायचं आणि पुरुषाकडं ती किल्ली मागायची, हे होणार होतं का? मी किल्ली मुलींच्या वर्गाच्या खिडकीत, आतल्या बाजूला एका खिळ्याला अडकवली. गुरुजी म्हणाले, हरवेल. दोनदा हरवलीही. बारा रुपयांत नवी करून आणली. सरकारनं शाळांत पॅड द्यायची शुची योजना २०१३-१४ च्या सुमाराला आणली, ती चांगलीच. पण पॅड मिळाले तरी बदलायला दार उघडं लागतं.

निपाणीत ओढा नाही, साकव नाही, हायस्कूल दहा मिनिटांवर. तिथला सांधा घरात असतो. तंबाखूचं गाव. अनेक घरांत बाईच्या मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं, तंबाखू, दोरा. बोलता बोलता विडी वळून होते, बघणाऱ्याला कळत पण नाही कधी झाली. शेजारी पोरगी बसून विड्यांची तोंडं मोडून देते. तशी एक मुलगी माझ्या वर्गात होती, गणितात पहिली. आठवीत तिचे खाडे वाढले म्हणून घरी गेले. आई हात न थांबवता म्हणाली, "बाई, ही असली की दिवसाला हजार हुत्यात, नसली की सातशे." यावर मी काय बोलणार? हिशेब बरोबर होता. तीनशे विड्यांची मजुरी रोजची रोख, आणि माझ्याकडं देण्यासारखं दहा वर्षांनंतरचं काहीतरी. मी एवढंच ठरवून आले की सकाळी तिला सुपाला बसवायचं नाही, संध्याकाळी बसवा. सात-आठ महिने ते चाललं. नववीत ती सुटली.

तिची धाकटी बहीण मात्र पीयूसीपर्यंत, म्हणजे इकडच्या अकरावी-बारावीपर्यंत, गेली. कारण तोवर घरात सून आली होती, सूप तिच्या मांडीवर गेलं. एका बाईचं शिक्षण दुसऱ्या बाईच्या मांडीवर उभं राहतं कधी कधी. हे मला आवडत नाही, पण बघितलंय म्हणून लिहिते. २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये घरच्या बाईच्या खात्यावर येऊ लागले. त्यावर पेपरात काय काय लिहून येतं ते वाचते मी. पण त्यातले पैसे काही घरांत सरळ पोरीच्या फीला आणि शिकवणीला गेलेले मी बघितलेत. बापाच्या हातात आलेल्या पैशाचं असं दरवेळी होत नाही, यावर तुमचा दादाही हसून मान हलवेल.

आता तुमच्या गावच्या त्या चार पोरी.

यात आम्हा शिक्षकांची चूक आहे. मुलीला शिकवा म्हणजे नोकरी लागेल, असं आम्ही वर्षानुवर्षं सांगितलं. नोकरी आमच्या खिशात नव्हती. जंगलपट्ट्यातल्या गावात बीए होऊन नोकरी कुठं लागणार? अंगणवाडी सेविकेची एक जागा निघते, तिला आता पीयूसी मागतात. आधी दहावीवर भागायचं. आशा कार्यकर्तीची एक. संपलं. बाकीच्यांना बेळगाव, नाहीतर तुमच्यासारखं गोवा-पुणे. आणि मुलीला एकटीला बाहेर कोण पाठवतो? म्हणून त्या घरात दिसतात आणि गाव म्हणतं, शिकून काय उपयोग झाला, शेवटी चपात्याच लाटत्यात.

तुम्ही गावी गेलात की त्या चारांपैकी एकीच्या घरी तासभर बसून बघा. नोकरी सोडून बाकी काय काय होतंय ते बघा.

आपल्या भागात याचं एक खास कारण आहे. १९५६ पासून आपण या राज्यात आहोत. सीमाप्रश्नावर माझं मत काय ते माझ्या घरात. पण कागद कन्नडमध्ये येतो, हे रोजचं आहे. उतारा कन्नडमध्ये, लाईट बिल कन्नडमध्ये, पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये. घरातले म्हातारे मराठी पण अडखळत वाचतात. पुरुष बाजारात कन्नड बोलतात झकास, वाचता मात्र कमी जणांना येतं. शाळेत कन्नड विषय घेतलेली मुलगी ही पुष्कळ घरांत पहिली वाचणारी असते.

पश्चिम भागातल्या एका गावात आठवीतली एक मुलगी आजारी म्हणून तिच्या घरी गेले होते. तिच्या वडलांकडं ओळखीचा एक माणूस येऊन बसलेला, हातात छापील कन्नड कागद. पिकाच्या नुकसानभरपाईचा अर्ज आहे, इथं सही करा, म्हणत होता. वडलांनी पेनाचं टोपण काढलं होतं. पोरगी तापातच उठून आली, आणि सवयीनं बोट ठेवून वाचायला लागली. कन्नड तिचं काही पाणी नव्हतं, परीक्षेत ५२ पडलेले. एकेक अक्षर जोडत चाललेली. "जा… मी… नु… दा… र." आणि थांबली. तिला अर्थ लागला नव्हता. वडलांना लागला. शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, जामीनदार. त्यांनी टोपण परत लावलं. तो माणूस म्हणाला, अहो ते नुसतं छापलेलं असतंय. वडील म्हणाले, "छापलेलं हाय म्हणूनच." चहा न घेता गेला तो.

ती मुलगी पुढं पीयूसीला आर्ट्स करून थांबली. आज ती घरातच आहे. तिला नोकरी नाही. पण तिच्या वडलांची दीड एकर जमीनही घरातच आहे. यातली कुठली गोष्ट सरकारच्या कुठल्या तक्त्यात येते, मला सांगा.

देशाचा प्रश्न विचारलात म्हणून आकडेही सांगते, थोडेच. २०११ च्या जनगणनेत आपल्या बेळगाव जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता ८२ टक्क्यांच्या आसपास होती आणि बायकांची ६५ च्या आसपास. म्हणजे गावातल्या शंभर बायकांतल्या पस्तिसांच्या पुढ्यात तो जामिनाचा कागद आला तर वाचायचा प्रश्नच नाही, कुठल्याच भाषेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं आणि बारा वर्षं किंवा जास्त शिकलेल्या बाईला १.८ असं निघालं. घर लहान असलं की ताटातलं वाढतं, याला अर्थशास्त्र लागत नाही. आणि १९७० ते २००९ या काळात जगभर पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू जे कमी झाले, त्यातली निम्मी घट बायकांच्या शिक्षणामुळं झाली, असा हिशेब २०१० साली लॅन्सेटमध्ये आला होता. शिकलेली आई काही डॉक्टर होत नाही. जुलाब लागलेल्या लेकराचं पाणी ती बंद करत नाही, आणि ओआरएसच्या पुडीवर 'एक लिटर पाण्यात' लिहिलंय ते वाचून लिटरात घालते, पेल्यात नाही. एवढाच फरक असतो.

शाळेत मला तो पहिलीच्या पहिल्या आठवड्यात दिसायचा. आई दहावी झालेली असली की पोरगं पेन्सिल धरायला शिकून आलेलं असायचं. मार्क घसरले की ती आई गेटपाशी येऊन उभी राहायची. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, मीटिंगला आली तर सहीआधी वहीत काय लिहिलंय ते वाचायची. आमच्यातल्या काहींना ते आवडायचं नाही.

आणखी एक. खेड्यातल्या मुलीनं बघितलेली पहिली पगारदार बाई ही बहुतेक वेळा शाळेतली बाईच असते. माझ्या लहानपणी आमच्या गावात ज्या पहिल्या बाई आल्या, त्या बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आलेल्या. तिथं कवयित्री इंदिरा संत प्राचार्य होत्या, हे त्या अभिमानानं सांगायच्या. आम्हाला इंदिरा संत कोण ते माहीत नव्हतं. आम्हाला दिसायची ती बाईंची छत्री, पर्स, आणि एक तारखेला त्या स्वतः पोस्टात जाऊन पैसे भरायच्या ते. त्या छत्रीमागून आमच्या वर्गातल्या तिघी शिक्षिका झालो.

आजीचं स्थळ. पुतणी सोळाची असेल, फार तर. यावर घोळ घालू नका. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहेच, पण कर्नाटकात २०१७ पासून असं लग्न मुळातच रद्दबातल धरलं जातं. कुणी कोर्टात जाऊन मोडून घ्यायची वाट बघायची नाही. लावून देणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाख रुपयांपर्यंत दंड. "चंदगड महाराष्ट्रात आहे" म्हणून सुटका नाही, बालविवाहबंदीचा कायदा तिकडंही आहे. तरी कर्नाटकात अजून दर पाच तरुण बायकांत एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं असतं, असं त्याच २०१९-२१ च्या पाहणीत दिसतं. आपल्याकडं तर थोरलीच्या मांडवात धाकटीला उभं करायची पद्धत आहे, जेवणावळीचा खर्च वाचतो म्हणून. मी असे दोन मांडव थांबवायला गेले. एक थांबला, त्या घरानं नंतर वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्यात मी पोचले तोवर अक्षता पडल्या होत्या. वेळ आलीच तर १०९८ हा नंबर आहे, पण नात्यातल्या नात्यात तो फिरवायची पाळी येऊ नये.

आजीला कायदा सांगू नका, भाग्यलक्ष्मी सांगा. ३१ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या, बीपीएल कार्ड असलेल्या घरातल्या पहिल्या दोन मुलींच्या नावावर तेव्हा सरकारनं बॉण्ड काढले होते. तुमच्या पुतणीच्या जन्मावेळी ही योजना चालू होती. अंगणवाडीतून अर्ज गेला असेल तर बॉण्ड घरात कुठंतरी ट्रंकेत, आईच्या लग्नातल्या शालूखाली असणार. अठरा वर्षं पुरी झाली की लाखाच्या आसपास रक्कम मिळते. अटी दोन महत्त्वाच्या: आठवीपर्यंत शाळा, आणि अठराच्या आत लग्न नाही. आठवी झालीच आहे. आता दोन वर्षं लग्न थांबलं की लाख रुपये, हे आजीला माझ्यापेक्षा लवकर कळेल. बॉण्ड सापडला नाही तर अंगणवाडीतल्या सेविकेला विचारा, तिच्या जुन्या वहीत नाव असतं.

आता दादाच्या मनात खरं काय आहे त्याकडं येते. तो तोंडानं बास म्हणतोय, पण त्याला दोन गोष्टी खात असणार: १८ किलोमीटर, आणि भाषा.

भाषेचं दुखणं खरं आहे. दहावीपर्यंत सगळं मराठीत, पीयूसीला माध्यम इंग्रजी नाहीतर कन्नड. मराठी उरते ती एक विषय म्हणून. दहावीला ८० टक्के घेतलेल्या मुली पहिल्या चाचणीत २२ आणि २५ घेऊन रडत माझ्याकडं आलेल्या आहेत. डोकं तेच असतं हो. 'उत्क्रांती' माहीत असते, समोर इंग्रजीत काहीतरी वेगळंच लिहिलेलं असतं. पहिले चार महिने हा त्रास राहतो, दिवाळीनंतर कमी होतो. घरच्यांना हे आधी माहीत नसलं की ते पहिल्या चाचणीचं कार्ड बघून पोरीला घरी आणतात. दादाला आत्ताच सांगून ठेवा की पहिल्या चाचणीला ती नापास होऊ शकते आणि त्याला काही अर्थ नाही. या सुट्टीत तिच्या जुन्या नववी-दहावीच्या पुस्तकांची इंग्रजी माध्यमातली प्रत कुणाकडून तरी मिळवा. धडे तेच असतात, तिला विषय येतोय, फक्त शब्द शेजारी शेजारी लावायचे. वहीच्या डाव्या पानावर मराठी, उजव्यावर इंग्रजी. दोन महिन्यांत चारशे शब्द झाले तरी पुष्कळ.

आणि ७८ टक्के पडले म्हणून सायन्सलाच घाला, असं नातेवाईक म्हणतील. मी म्हणणार नाही. सायन्सला तालुक्याच्या गावी शिकवणी लागते, शिकवणी संध्याकाळी असते, आणि संध्याकाळी बस नसते. तिला स्वतःला हवं असेल आणि वसतिगृह मिळणार असेल तर सायन्स. नाहीतर कॉमर्स वाईट नाही. तिला नर्सिंगला जायचंय, की हिशेब लिहायला आवडतं, की आणखी काही, हे तिला कुणी विचारलंय का? तुमच्या पत्रात आजी आहे, दादा आहे, तुम्ही आहात. ती काय म्हणते ते कुठंच नाही.

चंदगड-गडहिंग्लजकडं अकरावीला पाठवून मराठीतच शिकवावं का, असंही कुणी सुचवेल. महाराष्ट्र ज्यांवर हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मुलांसाठी महाराष्ट्रात प्रवेशाच्या काही सवलती आहेत. पण आपल्या इकडचा जातीचा दाखला तिकडं आरक्षणाला आणि शिष्यवृत्तीला चालत नाही, आणि इकडच्या नोकरीसाठी पुढं कन्नड लागतं. तिकडं मामाचं नाहीतर आत्याचं घर असेल आणि ती मराठीतच पुढं डी.एड. वगैरे करणार असेल तरच विचार करा. एरवी मी इकडंच ठेवा म्हणेन.

१८ किलोमीटरचं उत्तर आता पूर्वीपेक्षा सोपं आहे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या राज्यात साध्या बसला बायकांना तिकीट नाही. आधार दाखवलं की शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतात. म्हणजे पासचे पैसे गेले, राहिली वेळ. बस भरून आली की शाळेच्या पोरींसाठी थांबत नाही, ही तक्रार मी इतकी वर्षं ऐकते आहे की आता ती पावसासारखी वाटते. त्यावर उपाय एकच चालतो: एकीनं एकटीनं थांबायचं नाही. तुमच्या आणि शेजारच्या वाड्यांतून त्या रस्त्यानं अजून कोण कोण कॉलेजला जातंय ते शोधा. चार-पाच पोरी एका थांब्यावर दिसल्या की ड्रायव्हर ब्रेक मारतो, आणि आईचा जीवही खाली पडतो.

वसतिगृहासाठी बीसीएमचा, म्हणजे मागासवर्ग कल्याण खात्याचा, अर्ज ऑनलाईन करा, मुलींचं वसतिगृह तालुक्याला आणि बेळगावात आहे. तिथं जागा मिळाली नाही तर विद्यासिरी म्हणून एक योजना आहे, मागासवर्गीय प्रवर्गांतल्या मुलांना राहण्या-जेवणासाठी महिन्याला १,५०० रुपये, वर्षातले दहा महिने. मराठा असाल तर इकडं मागासवर्गाच्या ३ब प्रवर्गात येता, तेही त्यात बसतं. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे जवळच्या महसूल कार्यालयातून, निघतो. अ‍ॅडमिशनच्या वेळी सगळं गाव एकदम रांगेत उभं राहतं, म्हणून आत्ता काढा.

आणि त्याआधी तिचं नाव बघा. मार्ककार्डावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर बापाचं नाव आधी आणि आडनाव नंतर. कन्नडमधून इंग्रजीत उतरताना आपल्या मराठी आडनावांचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. शिष्यवृत्ती मंजूर होऊन पैसे न आलेल्या ज्या मुली माझ्याकडं आल्या, त्यातल्या बऱ्याच जणींचं एका अक्षरावर अडलं होतं. तिन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवा आणि अक्षरन् अक्षर ताडून बघा.

एवढं झालं की दादाशी वाद घालायची गरज पडणार नाही. सुट्टी काढून गावी या, आणि सोमवारी सकाळी दादाला आणि पुतणीला घेऊन पहिल्या बसनं कॉलेजपर्यंत जा. बापानं एकदा तो रस्ता बसून बघितला की निम्मं भय उतरतं; मी हे निदान वीस बापांबरोबर केलंय. मुलींची खोली कुठं आहे, थांब्यावर सावली आहे का, समोर पानपट्टी आहे का, हे त्याला त्याच्या डोळ्यांनी बघू दे. येताना पाचच्या बसनंच या. ती चुकली तर पुढची कितीला, हे कंडक्टरला विचारून ठेवा. फलकावर लिहिलेली वेळ धरू नका.